झाकण न लावायचा लॅपटॉप

६ जानेवारी, सोमवार

नोकरी सोडून पंधरवडा झाला आणि अजून माझ्याकडे लॅपटॉप नाही. अकरा वर्षं पिंपळगावच्या ऑफिसात बसून मी लोकांची द्राक्षं कागदोपत्री युरोपात पाठवली, आणि आता स्वतःचं काम सुरू करायची वेळ आली तर नवऱ्याच्या, शेखरच्या मोबाइलवर बोटं घासत बसलेय. वडनेर भैरवचे वाल्मीकभाऊ तिथल्या बागायतदारांचा गट चालवतात. त्यांनी शब्द दिलाय की यंदा गटाच्या सगळ्या कंटेनरचे कागद मीच करायचे. हंगाम तोंडावर आलाय. एक जरी कागद चुकला तरी माल बंदरात अडकतो, आणि द्राक्षं काही वाट बघत नाहीत.

आज एम. जी. रोडवर दुकानं पालथी घातली. चांगला नवा घ्यायचा तर हप्ते, आणि हप्ते म्हणजे शेखरच्या पगारातून. तो नाही म्हणणार नाही. फक्त "बघ, झेपेल का," म्हणेल. तेवढं एक वाक्य मला नको आहे. स्वस्तातला नवा होता तो खेळण्यासारखा. कळा दाबल्या की मधोमध वाकतो. दुकानदारच म्हणाला, "मॅडम, हा पोरांच्या अभ्यासाला. धंद्याला नका घेऊ."

घरी येऊन योगेशला फोन केला. जुन्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं तोच बघतो. खाली मान घालून काम करणारा, कधी मोठ्याने बोलणार नाही. म्हणाला, "ताई, नवा कशाला? मोठ्या कंपन्या जुने लॅपटॉप काढून टाकतात. दगडासारखे असतात. मी बघतो तुमच्यासाठी."

९ जानेवारी, गुरुवार

योगेश लॅपटॉप घेऊन स्वतः म्हसरूळला आला. किंमत ऐकून मी दोनदा विचारलं. एवढ्या पैशांत चांगला मिक्सरही येत नाही.

तो गेल्यावर मी मनातल्या मनात तागडी घेऊन बसले. कळा खोल, भरभक्कम, आकड्यांच्या कळा वेगळ्या, माझ्या कामाला हेच हवं. मोठी फाइल चटकन उघडते. वजन मात्र पाट्यावरवंट्याचं. बॅटरी नावालाच, वायर काढली की मान टाकतो. पडदा मंद. बिल नाही, गॅरंटी नाही. योगेश म्हणाला, "माझीच गॅरंटी समजा." कॅमेरा चालतो, पण त्याच्या शेजारचा बारका दिवा जळालाय. त्याने काय बिघडतं? आणि एक खोड आहे. झाकण लावलं की बंद पडतो, पुन्हा सुरू व्हायला रुसतो. म्हणून उघडाच ठेवायचा, दिवसभर. "दुसऱ्या कुणाला दाखवू नका ताई, बाहेरचे लोक आतला माल काढून घेतात. काही झालं तर मला फोन."

टेबल बेडरूममध्येच मावलं, कपाटासमोर. मी घासाघीससुद्धा केली नाही. एवढ्या स्वस्तात एवढं मिळतंय तर चार खोडी चालतील. माणूस तरी कुठे बिनखोडीचा मिळतो?

शेखर चांदवडच्या कॉलेजात शिकवून आला, लॅपटॉप उचलून पाहिला आणि म्हणाला, "स्वस्त का दिला असेल?"

"कारण तो चांगला माणूस आहे," मी म्हटलं.

१५ जानेवारी, बुधवार

पहिला कंटेनर गेला! संक्रांतीचे तिळगूळ वाटले त्याच दिवशी. वाल्मीकभाऊ फोनवर म्हणाले, "ताई, लय भारी काम. आमचं टेन्शन गेलं बघा."

परवा प्रिंटर अडला होता. योगेशला फोन केला तर म्हणाला, "तुम्ही नुसतं बसा, मी घरून बघतो." आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. कपाट उघडावं तसे कप्पे उघडले, मिटले, प्रिंटर सुरू. मी हात मांडीवर ठेवून बघत राहिले. किती सोय आहे ही. पैसे विचारले तर रागावला.

२२ जानेवारी, बुधवार

आज काहीतरी विचित्र झालं.

दुपारी न्हाऊन, केस वाळवत कामाला बसले होते. घरात कुणी नव्हतं. फोनवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला: "आज केस मोकळे सोडलेत. छान दिसतात."

चुकून आला असेल. दुसऱ्या कुणासाठी असेल. तरी मी उठून केस बांधले.

२३ जानेवारी, गुरुवार

"चहा गार होतोय."

एवढंच. आणि माझ्या हाताशी चहा होता, खरंच गार झालेला. मी घरभर फिरले, बाथरूममध्ये, पलंगाखाली, माळ्यावर बॅटरी मारून बघितलं. कुणी नाही. दाराला आतून कडी घातली आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले.

२६ जानेवारी, रविवार

समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी बघतंय. दुसरं काय असणार? बेडरूमच्या खिडकीसमोर तिसऱ्या मजल्यावर एक माणूस गॅलरीत सिगारेट ओढत उभा असतो. आज शेखरला म्हटलं, ऊन येतं, पडदा हवा. जाड निळं कापड आणून दोघांनी मिळून लावलं. खोली विहिरीसारखी झाली, पण बरं वाटलं.

त्याला मेसेज दाखवले नाहीत. काय सांगू? कुणीतरी मला केसांवरून मेसेज करतंय? तो विचारेल, नंबर कुणी दिला. माझ्या नव्या धंद्याच्या कार्डावर नंबर छापलाय, तो मीच गावभर वाटलाय. तो म्हणेल, बंद कर हे सगळं. म्हणणार नाहीही कदाचित. पण मी ऐकायचं धाडस करत नाही.

योगेशला मात्र सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. तो म्हणाला, "ताई, घाबरू नका. मी आहे ना. पोलिसात जाऊ नका, उगीच नाव खराब होतं. बाईचंच होतं." खरं आहे ते.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी वाल्मीकभाऊंचा फोन. आवाजच वेगळा होता.

"ताई, तुम्ही नंबर चुकीचा टाकला. न्हावाशेवाला आपला कंटेनर अडवलाय."

"असं होणारच नाही भाऊ. मी तीनदा तपासलं."

"मंग कागदावर कसा आला? बंदरावरचा एजंट बोंबलतोय. आत माल हाय ताई, लोकांचा माल हाय."

फाइल उघडली. कंटेनरच्या नंबरातले दोन आकडे उलटसुलट. मी ते तसे लिहिले नव्हते. मी नंबर मोठ्याने वाचत टाइप करते, अकरा वर्षांची सवय आहे. पण फाइल समोर होती, आणि फाइल माझीच होती. डोळ्यांसमोर पिवळी पडत चाललेली द्राक्षं दिसायला लागली. वाटलं, माझं डोकं फिरतंय. आधी ते मेसेज, आता हे. आईच्या मावशीला असंच झालं होतं म्हणतात, चाळिशीतच विसरायला लागली होती.

योगेशला फोन केला आणि चक्क रडले. तो ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. येताना वणीच्या देवीचा प्रसाद घेऊन आला, कालच सप्तशृंगीला जाऊन आला होता म्हणे. थोडी खटपट केली आणि फाइलची जुनी, बरोबर नंबर असलेली प्रत काढून दिली. तीच एजंटला पाठवली. दुपारी कंटेनर सुटला.

"मी नसतो तर काय केलं असतं ताई तुम्ही?" जाताना हसत म्हणाला.

खरंच, काय केलं असतं?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बरे दिवस चाललेत. पडदा लावल्यापासून एकही मेसेज नाही. म्हणजे तो गॅलरीतलाच होता. वाल्मीकभाऊंचा पुढचा माल नीट गेला. प्रत्येक कागद आता पाच वेळा वाचते, तरी पाठवायचं बटण दाबायच्या आधी सहाव्यांदा वाचते.

डोळे फार दुखतात म्हणून योगेशला विचारलं, लॅपटॉपचा पडदा उजळ करता येईल का. म्हणाला, "लॅपटॉपचा दोष नाही ताई. त्या निळ्या पडद्याने खोलीत अंधार झालाय, म्हणून टोचतं. दिवा लावून बसत जा." लावला, आणि खरंच फरक पडला. किती बारीक लक्ष असतं त्याचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज अक्षर वाईट येतंय.

सकाळी कणीक मळत होते. मनात काही नव्हतं. आणि एकदम ते वाक्य कानात वाजलं. त्या निळ्या पडद्याने.

त्याला कसं कळलं पडदा निळा आहे?

तीन तारखेला तो आला होता, पण त्या दिवशी मी लॅपटॉप बाहेरच्या खोलीत आणला होता, बेडरूममध्ये धुण्याचा ढीग होता म्हणून. मला पक्कं आठवतं, मीच दार ओढून घेतलं होतं. फोनवर मी त्याला सांगितलं असेल का? "पडदा लावला" एवढं सांगितलं असेन. निळा म्हणाले का? कुणी सांगतं का असं?

माझा भास असेल. तो माझ्यासाठी रजा टाकून आला होता. प्रसाद अजून देव्हाऱ्यात आहे.

कणकेचे हात तसेच घेऊन मी बेडरूमच्या दारात उभी राहिले. लॅपटॉप टेबलावर उघडा होता, रोजच्यासारखा. त्याच्यासमोर कपाट. मी रोज सकाळी तिथे उभी राहून साडी नेसते.

आत गेले नाही. गॅसवर तवा जळेपर्यंत तिथेच उभी होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल दिवसभर शेखर घरी होता, मी त्या खोलीत गेले नाही. पाहुण्यासारखं बाथरूममध्ये जाऊन कपडे बदलले. तो म्हणाला, "बरं नाही का?" म्हटलं, डोकं दुखतंय.

आज तो गेल्यावर मनाशी ठरवलं. डाव्या हाताला काहीही झालेलं नसताना मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी बांधली. तीही स्वयंपाकघरात. मग जाऊन लॅपटॉपसमोर बसले आणि एका हाताने टाइप करू लागले. फोन बाजूला ठेवला. कुणाला फोन केला नाही, दार उघडलं नाही. पडदा गच्च ओढलेला.

देवा, काहीही होऊ नये, असं म्हणत होते. मी वेडी ठरले तरी चालेल, पण काही होऊ नये.

फोन वाजला. नवा अनोळखी नंबर. "हाताला काय लागलं? काळजी घ्या."

मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिले. वर कॅमेऱ्याचा नुसता काळा ठिपका, मुगाएवढा. मान फिरवायची नव्हती, चेहरा बदलायचा नव्हता. मी टाइप करत राहिले, काय लिहिलं ते आठवत नाही.

थोड्या वेळाने योगेशचाच फोन. "सहज केला ताई. काम जास्त असेल तर टायपिंग मी करून देऊ का? घरून होईल."

"नको," मी म्हटलं. "होतंय."

"आवाज असा का येतोय?"

"सर्दी आहे."

मग उठले, चप्पल घातली आणि खाली जाऊन गणपतीच्या देवळाच्या पायरीवर बसले. शेखर येईपर्यंत घरात गेले नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल शेखरला सगळं देवळाच्या पायरीवरच सांगितलं. मेसेज दाखवले. तो एकेक वाचत गेला. मला वाटलं, आता विचारेल, नंबर कुणी दिला.

म्हणाला, "वीस दिवस तू एकटी हे घेऊन फिरत होतीस? मला का नाही सांगितलंस?"

"तू काम बंद कर म्हणशील, याची भीती वाटली."

तो म्हणाला, "म्हटलं असतं मी. बरोबर आहे तुझं." आणि पट्टी बांधलेला माझा हात दोन्ही हातांत धरून बसला. त्याला अजून पट्टीचं खरं माहीत नव्हतं. सांगितलं तेव्हा त्याने ती हळूहळू सोडवली.

आज दोघं सायबर पोलीस ठाण्यात गेलो. उपनिरीक्षक अंजली बागूल, माझ्यापेक्षा लहान असाव्यात. मी म्हटलं, "बिल नाही मॅडम, स्वस्तात मिळाला म्हणून..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "तुम्ही लॅपटॉप घेतला, चूक त्याची आहे. आता एक अवघड काम सांगते. लॅपटॉप बंद करू नका, दोन दिवस. योगेशला काही कळलं तर सगळं पुसून टाकेल. आम्हाला तो तुमच्या लॅपटॉपला जोडलेला असताना पकडायचा आहे."

म्हणजे मी पुन्हा त्याच्यासमोर बसायचं.

"जमेल का?" त्यांनी विचारलं.

नाही, असंच म्हणायचं होतं. "जमेल," म्हणाले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झालं. लिहून काढते, म्हणजे झोप लागेल.

सकाळी अंजलीमॅडम साध्या कपड्यांत आल्या, सोबत दोन पोलीस आणि लॅपटॉपमध्ये कोण शिरतंय त्याचा माग काढणारं एक यंत्र. सगळे स्वयंपाकघरात. बेडरूमच्या दारातून मला मॅडमचा फक्त हात दिसत होता. बोट वर केलं की काम झालं, असं ठरलं होतं. शेखर त्यांच्याबरोबर थांबला होता, त्याला खोलीत यायची बंदी.

डाव्या हाताला पुन्हा पट्टी बांधून मी बसले. एक रिकामी फाइल उघडून तीच ती ओळ पुन्हा पुन्हा टाइप करत राहिले. कळांवर घामाचे ठसे उमटत होते. तो ठिपका आता मला दिव्यासारखा दिसत होता. सगळ्यात अवघड काय होतं सांगू? त्याच्याकडे न बघणं. डोळे आपोआप तिकडे जात होते. दरवाज्यामागे साप आहे हे माहीत असताना गव्हातले खडे वेचायचे, तसं.

मेसेज आला. "आज घाबरलेल्या दिसता. काय झालं?"

मी फोन उलटा ठेवला आणि टाइप करत राहिले. दारातलं बोट वर गेलं. यंत्राला काहीतरी मिळालं होतं.

मग योगेशचा फोन. स्पीकरवर घेतला, ठरल्याप्रमाणे.

"ताई, येऊ का? मी पंचवटीतच आहे. तुम्हाला बरं नाही वाटत."

मी दाराकडे पाहिलं. मॅडम थोड्या पुढे आल्या आणि येऊ दे म्हणून मान हलवली.

"ये," मी म्हटलं. माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

तो आला. नेहमीसारखी बेल एकदाच, हळू. दाराबाहेर चपला नीट जोडून ठेवल्या. हातात बॅग. आत पाऊल टाकलं आणि मॅडमना पाहिलं. आणि लगेच त्याची नजर बेडरूमकडे गेली, लॅपटॉपकडे. तेव्हाच सगळ्यांना कळलं.

"मी ताईंच्या मदतीलाच आलोय," तो म्हणाला. "विचारा त्यांना. नेहमी येतो मी."

मॅडमनी त्याचा फोन मागितला. दुसरा फोन बॅगेत निघाला. मेसेज यायचे ते नंबर त्यातच होते.

तो माझ्याकडे वळला. "ताई, सांगा ना यांना. तुमचा धंदा माझ्यामुळे उभा राहिला. तो कंटेनर मी सोडवला. मी काही वाईट केलं का तुमचं? नुसतं बघत होतो, तुम्ही ठीक आहात ना."

मला वाटलं होतं, त्याच्या थोबाडीत मारीन. मी मागे सरकले, भिंतीला पाठ लागेपर्यंत. शेखर मध्ये येऊन उभा राहिला. 

"कंटेनरचा नंबर कुणी बदलला?" मी एवढंच विचारू शकले.

तो खाली मान घालून उभा राहिला. जुन्या ऑफिसात उभा राहायचा तसाच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लॅपटॉप पोलिसांकडे आहे. टेबल रिकामं आहे, तरी मी त्या खोलीत गेले की भिंतीला चिकटून चालते. शेखरने न विचारता नवा लॅपटॉप आणला. कॅमेऱ्याला सरकतं झाकण असलेला, हप्त्यावर. मी भांडले नाही. वाल्मीकभाऊंना खरं काय ते सांगितलं. ते बराच वेळ "हं, हं" करत राहिले आणि म्हणाले, "ताई, माल तुमच्याकडंच येईल. आमच्या सुनेलाबी एक जुना घ्यायचा होता. नाय घेत आता."

दुपारी अंजलीमॅडमचा फोन आला. त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर माझ्यासारख्याच आणखी दोन बायका सापडल्या. दोघीही आमच्या ऑफिसातून गेलेल्या. त्यातली एक उज्ज्वला, दोन वर्षांपूर्वी लग्न करून सातपूरला गेली. घरी बसून शिकवण्या घेते. तिलाही त्यानेच स्वस्तात दिला होता.

"तो कोठडीत आहे," मॅडम म्हणाल्या, "पण तो हे आणखी कुणाला दाखवत होता का, त्याचा कुणी साथीदार बाहेर आहे का, ते अजून माहीत नाही. म्हणून कुणाला संशय येऊ न देता, लॅपटॉप चालू ठेवूनच तिला तिथून बाहेर काढायचंय. एकदम पोलिसांचा फोन गेला तर ती तिथेच, लॅपटॉपसमोरच किंचाळेल. तुम्ही ओळखता ना तिला? आधी तुम्ही बोलाल का?"

मला नकोच होतं ते. मला ते सगळं मागे टाकायचं होतं. आपण कुणाच्या तरी घरात फोनवरून शिरायचं आणि तिच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची. मला माहीत आहे, त्या क्षणानंतर आपलंच घर कसं दिसतं ते. नंबर काढून बराच वेळ हातात धरून बसले.

मग लावला.

"अगं मोहिनीताई! किती दिवसांनी!" तिचा आवाज इतका आनंदी होता की फोन ठेवून द्यावासा वाटला. मागे मुलं पाढे म्हणत होती.

"उज्ज्वला, तू आता लॅपटॉपसमोर बसली आहेस का?"

"हो. का गं?"

"हसत राहा. मी काहीतरी गंमत सांगतेय असं दाखव. लॅपटॉप आहे तसाच राहू दे, हात लावू नकोस. मुलांना म्हण, आज सुट्टी. आणि फोन घेऊन गच्चीवर जा."

ती हसली. आधी खरंच हसली, मग तेच हसू तसंच धरून ठेवलेलं मला ऐकू आलं. मुलांचा गलका, खुर्ची सरकल्याचा आवाज, मग जिना. तिच्या श्वासाबरोबर मीही एकेक पायरी चढत होते.

"आले गच्चीवर," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "ताई, मला भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय," मी म्हटलं. "मी फोन ठेवत नाही. तू कठड्यापासून लांब, कुठेतरी सावलीत बस. बसलीस? आता ऐक."